रात्रपाळी आणि शरीराचे घड्याळ: सवय झाली की नाही, हे कसे मोजतात?

रात्रपाळी करणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असते: "आता सवय झाली." परिचारिका, कारखान्यातले कामगार, पोलीस, सुरक्षारक्षक, परदेशी ग्राहकांशी रात्रभर बोलणारे कॉल सेंटरमधले तरुण, सगळेच असे म्हणतात. त्यात खोटे काही नसते. पहिल्या काही आठवड्यांत जो त्रास होतो, तो पुढे तितका जाणवत नाही.

पण 'सवय' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे त्रासाची जाणीव कमी होणे. दुसरी म्हणजे मेंदूतले जैविक घड्याळ खरोखर सरकून रात्रीच्या कामाशी जुळणे. पहिली गोष्ट आपली आपल्याला कळते. दुसरी कळत नाही, ती मोजावी लागते. मोजल्यावर बहुतेक वेळा असे दिसते की माणूस रुळला आहे, पण त्याचे घड्याळ जवळजवळ जागच्या जागी आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे. घड्याळ न सरकता काम चालू राहिले, तर पहाटे सतर्कता घसरते, दिवसाची झोप अपुरी होते आणि सकाळी घरी जाताना गाडीवर डुलकी लागण्याचा धोका राहतो. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाणही जास्त आढळते. म्हणून हे घड्याळ कसे मोजतात, त्यातले तुम्ही घरी काय पाहू शकता आणि त्यावरून काय ठरवावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

हे घड्याळ असते कुठे?

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २०,००० चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके, भूक आणि सतर्कता यांच्या रोजच्या चढउतारांची वेळ ते ठरवते. पेशींमधली जनुके ठरावीक लयीत चालू-बंद होण्यातून हे घड्याळ चालते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या घड्याळाचा स्वतःचा फेरा सरासरी २४ तासांपेक्षा किंचित मोठा, सुमारे २४.२ तासांचा असतो. त्यामुळे ते रोज थोडे मागे पडते आणि रोज त्याला लावून घ्यावे लागते. लावण्याचे मुख्य काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. दिसण्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि 'दिवस उजाडला' असा निरोप घड्याळापर्यंत पोहोचवतात.

रात्रपाळीची खरी अडचण इथेच आहे. कामाच्या ठिकाणच्या दिव्यांचा उजेड साधारण काहीशे लक्स असतो. सकाळी बाहेर पडल्यावर ढगाळ हवेतही काही हजार लक्स उजेड डोळ्यांवर पडतो, आणि कडक उन्हात तो ५०,००० लक्सच्याही वर जातो. तुम्ही रात्रभर घड्याळाला एकीकडे ढकलता आणि सकाळचे ऊन त्याला पुन्हा जागेवर आणून ठेवते.

जुळवून घेणे म्हणजे नेमके काय?

दिवसा काम करणाऱ्या माणसात पहाटे ४ ते ५ च्या सुमारास शरीराच्या आतले तापमान सर्वांत खाली जाते. त्याच वेळी झोपेची ओढ सर्वांत जास्त आणि सतर्कता सर्वांत कमी असते. याला आपण 'शरीराची मध्यरात्र' म्हणू. घड्याळ रात्रपाळीशी पूर्ण जुळले, तर ही मध्यरात्र सरकून दिवसाच्या झोपेच्या मध्यावर किंवा त्याच्या शेवटाकडे यायला हवी. म्हणजे मोजायचे एकच: तुमची शरीराची मध्यरात्र किती वाजता आहे, आणि पाळी सुरू झाल्यापासून ती किती तास सरकली.

हे सोपे वाटते, पण यात एक गोम आहे. झोप, चालणे-फिरणे, जेवण, उभे राहणे, ताण, उजेड या सगळ्यांचा तापमानावर आणि संप्रेरकांवर थेट परिणाम होतो. तुम्ही रात्री वॉर्डात धावपळ केलीत तर तापमान चढेल. त्याचा अर्थ घड्याळ सरकले असा होत नाही. धावपळीने घड्याळाची खूण झाकली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून प्रयोगशाळेत काटेकोर मोजमाप करायचे असेल, तर माणसाला २४ तासांहून अधिक काळ जागे, अर्धवट टेकून बसलेले, मंद उजेडात ठेवतात आणि दर तासाला सारखेच थोडेसे खायला देतात. बाहेरचे सगळे सारखे ठेवल्यावर जो चढउतार उरतो, तो घड्याळाचा असतो.

मोजण्याच्या पद्धती

१. लाळेतले मेलाटोनिन

मेलाटोनिन हे पीनियल ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक. शरीराच्या दृष्टीने रात्र सुरू झाली, की ते रक्तात वाढू लागते. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी साधारण २ ते ३ तास ही वाढ सुरू होते. मंद उजेडात ही वाढ नेमकी कधी सुरू होते ते पाहणे, ही घड्याळाची वेळ मोजण्याची आज सर्वांत विश्वासाची पद्धत मानली जाते.

दर अर्ध्या किंवा एक तासाने कापसाच्या बोळ्यावर किंवा छोट्या नळीत लाळ घेतात. लाळेतले प्रमाण मिलिलिटरला ३ किंवा ४ पिकोग्रॅमच्या वर गेले, की ती वाढ सुरू झाल्याची वेळ धरतात. त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात:

• नमुने घेण्याआधीपासून शेवटपर्यंत उजेड अगदी मंद हवा. मोबाइल आणि ट्यूबलाइट बंद. उजेडाने मेलाटोनिन दबते.
• नमुन्याआधी काही मिनिटे शांत बसायचे. मधल्या वेळेत खाल्ले तर तोंड पाण्याने धुऊन थोडे थांबायचे.
• चहा, कॉफी, मद्य आणि चॉकलेट त्या दिवशी टाळायचे.
• चालू औषधे सांगायची. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर औषधे आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मेलाटोनिन कमी दाखवू शकतात. गर्भनिरोधक गोळ्या आणि फ्लुवोक्सामाइन हे औषध ते जास्त दाखवू शकतात. तपासणीसाठी म्हणून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका.

दिवसा काम करणाऱ्यासाठी संध्याकाळचे ५-६ तास नमुने पुरतात, कारण वाढ कधी होणार याचा अंदाज असतो. रात्रपाळीवाल्याच्या बाबतीत ती रात्री ९ ला होईल की पहाटे ३ ला, हेच तर शोधायचे असते. म्हणून नमुने जास्त वेळ, कधी कधी पूर्ण २४ तास घ्यावे लागतात.

२. लघवीतला मेलाटोनिनचा अंश

यकृत मेलाटोनिनचे रूपांतर करते आणि तयार झालेला पदार्थ लघवीतून बाहेर पडतो. दर २ ते ४ तासांनी, झोपेच्या वेळी एकदाच पण पूर्ण, अशी एक-दोन दिवसांची लघवी गोळा करतात. प्रत्येक वेळी एकूण किती मिलिलिटर झाली ते लिहून त्यातला थोडा नमुना ठेवतात. आलेल्या आकड्यांवर गणिताने एक लहरीसारखी रेघ बसवली, की तिचे शिखर किती वाजता आहे ते कळते. दिवसा काम करणाऱ्यात हे शिखर साधारण पहाटे ४ च्या आसपास येते.

लाळेइतकी बारीक वेळ यातून कळत नाही. पण सुई नको, प्रयोगशाळेत राहायला नको आणि कामात खंडही नको. त्यामुळे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी माणसांचे घड्याळ मोजायला ही पद्धत फार उपयोगी पडली आहे. त्याचे उदाहरण पुढे दिले आहे.

३. शरीराच्या आतले तापमान

काखेतला किंवा कपाळावरचा थर्मामीटर इथे चालत नाही. दिवसभरातला नैसर्गिक चढउतार जेमतेम एका अंशाच्या आसपास असतो आणि त्वचेचे तापमान हवेनुसार बदलते. संशोधनात गुदद्वारातला तापमापक किंवा गिळायची तापमापक गोळी वापरतात. ही गोळी पोटातून जाताना बिनतारी पद्धतीने नोंदी पाठवते आणि शौचावाटे बाहेर पडते. तापमानावर हालचालीचा परिणाम फार होत असल्याने रात्रपाळीत या एकाच खुणेवर भिस्त ठेवत नाहीत.

४. कॉर्टिसॉल

कॉर्टिसॉल पहाटेपासून चढते, सकाळी उठण्याच्या सुमारास शिखरावर असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत खाली असते. ते लाळेतही मोजता येते. पण ताणाने ते वाढते, आणि झोपेतून जागे होताच त्याला आणखी एक उसळी येते. म्हणून घड्याळाची वेळ सांगायला ते मेलाटोनिनपेक्षा कमी भरवशाचे.

५. रक्ताच्या एका नमुन्यातून वेळ

पेशींमधली अनेक जनुके दिवसाच्या ठरावीक वेळी जास्त किंवा कमी काम करतात. रक्तातल्या पेशींमध्ये अशा मोजक्या जनुकांचे प्रमाण पाहून घड्याळाची वेळ सांगण्याच्या पद्धती २०१८ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या आणि अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडल्या. रात्रभर नमुने घेण्याऐवजी एक-दोन नमुन्यांत काम व्हावे, हा त्यामागचा हेतू. नेहमीच्या उपचारात ही तपासणी अजून आलेली नाही.

६. मनगटावरचे हालचालमापक यंत्र

घड्याळासारखे दिसणारे हे यंत्र हालचाल नोंदवते. काही यंत्रे उजेडही नोंदवतात. तुम्ही कधी झोपलात, किती वेळा हललात, कधी उठलात हे त्यातून कळते. झोपेच्या तक्रारींसाठी डॉक्टर याचा उपयोग करतात. मात्र हे यंत्र तुमची वागणूक मोजते, थेट घड्याळ मोजत नाही. रात्रपाळीवाला सकाळी ९ ला झोपला एवढे ते सांगेल. त्याच्या मेंदूच्या लेखी ती दुपारच्या झोपेसारखी होती की रात्रीच्या, हे सांगणार नाही. बाजारातल्या स्मार्ट वॉचलाही हेच लागू आहे. शिवाय ती यंत्रे शांत पडून राहिलेल्या माणसाला झोपलेला समजतात.

समुद्रात जुळले, शहरात का नाही?

घड्याळ सरकूच शकत नाही, असे मात्र नाही. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठातल्या जोसेफिन आरेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर जाऊन कामगारांची लघवी तपासली. हे लोक सलग दोन आठवडे, संध्याकाळी ६ ते सकाळी ६ अशी १२ तासांची रात्रपाळी करत होते. मेलाटोनिनच्या अंशाचे शिखर रोज पुढे सरकत गेले आणि साधारण आठवडाभरात घड्याळ रात्रीच्या कामाशी जुळले. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिशांच्या हॅली तळावरही रात्रपाळी करणाऱ्यांत असेच जुळणे दिसले.

मग शहरातल्या कामगाराचे का जुळत नाही? फलाटावर काम संपल्यावर बाहेर उन्हातून प्रवास नसतो. झोपण्याची केबिन अंधारी असते. मुलांना शाळेत सोडायचे नसते, बँकेत जायचे नसते, दाराची बेल वाजत नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मध्ये सुट्टीचा दिवस नसतो. त्यामुळे उजेड आणि अंधार रोज त्याच वेळी मिळतात आणि दोन आठवडे घड्याळाला एकच दिशा मिळते.

याच अभ्यासांतून दुसरीही बाजू दिसली. सात रात्री झाल्यावर लगेच सात दिवसपाळ्या करायच्या, अशा वेळापत्रकात माणसामाणसांत खूप फरक पडला. कुणाचे घड्याळ पुढे सरकले, कुणाचे मागे. आणि जे रात्रीशी छान जुळले, त्यांना घरी परतल्यावर पुन्हा दिवसाशी जुळायचा त्रास झाला. जुळण्याची किंमत परत येताना मोजावी लागते.

जमिनीवरचे चित्र सायमन फोकार्ड यांनी २००८ मध्ये मांडले. कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरचे मेलाटोनिनचे अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. घड्याळ पूर्णपणे जुळलेले लोक ३ टक्क्यांहून कमी निघाले, आणि बऱ्यापैकी जुळलेले चारांत एकाहून कमी. लक्षात घ्या, हे लोक कायम रात्रपाळीचे होते. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांना तर जुळायला वेळच मिळत नाही.

निकाल कसा वाचायचा? एक उदाहरण

समजा, एक परिचारिका रात्री ८ ते सकाळी ८ अशी पाळी करते. एरवी ती रात्री साडेअकराला झोपते. पाळ्या सुरू होण्याआधी तिच्या लाळेतले मेलाटोनिन रात्री साडेनऊला वाढू लागते. या वाढीनंतर साधारण ७ तासांनी शरीराची मध्यरात्र येते. म्हणजे तिची पहाटे साडेचारला.

चार रात्रींनंतर पुन्हा मोजले, तेव्हा वाढ रात्री साडेअकराला सुरू झाली. घड्याळ दोन तास सरकले. "थोडे जुळले, चांगले झाले," असे वाटेल. पण हिशेब करा. आता शरीराची मध्यरात्र सकाळी साडेसहाला आली. म्हणजे सकाळची औषधे देण्याच्या आणि पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सांगण्याच्या वेळी ती सर्वांत पेंगुळलेली असेल, आणि ८ नंतर स्कूटर चालवताना ती त्या खोल बिंदूपासून फार दूर नसेल. अर्धवट जुळण्याने तिची सर्वांत धोक्याची वेळ परतीच्या प्रवासाजवळ सरकली.

घड्याळ आणखी सरकून मेलाटोनिनची वाढ पहाटे ३ ला सुरू झाली, तर शरीराची मध्यरात्र सकाळी १० ला येईल. तेव्हा ती अंथरुणात असेल. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या चार्मेन ईस्टमन यांच्या गटाने कायम रात्रपाळीसाठी हेच मधले लक्ष्य सुचवले. पूर्ण उलट व्हायचे नाही. शरीराची मध्यरात्र सकाळी १० च्या आसपास आणायची आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे ३ ते दुपारी १२ असे उशिरा झोपून ती तिथेच टिकवायची. कामाच्या दिवशी झोप बरी लागते आणि सुट्टीच्या दिवशी दुपार-संध्याकाळ घरच्यांना देता येते.

घरी तुम्ही काय मोजू शकता?

लाळेतल्या मेलाटोनिनची तपासणी नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहसा होत नाही, आणि बहुतेकांना तिची गरजही नसते. दोन आठवड्यांची वही बरेच काही सांगून जाते. त्यात कामाचे आणि सुट्टीचे, दोन्ही दिवस येऊ द्या. रोज हे लिहा:

• अंथरुणावर कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली. गजराने उठलात की आपोआप, हे नक्की लिहा.
• पाळीत दर दोन तासांनी झोप किती येते, १ ते ९ मध्ये. १ म्हणजे टक्क जागे, ९ म्हणजे डोळे उघडे ठेवणे कठीण.
• चहा, कॉफी, तंबाखू, मद्य आणि जेवण यांच्या वेळा.
• सकाळी बाहेरच्या उजेडात किती वेळ होतात.
• पाळीत किंवा रस्त्यावर नकळत डुलकी लागली का.

मग तीन गोष्टी पाहा.

पहिली, दिवसाची झोप कुठे तुटते? सकाळी साडेआठला झोपून गजराशिवाय साडेबारा-एकलाच टक्क जाग येत असेल आणि थकवा असूनही पुन्हा झोप लागत नसेल, तर घड्याळ अजून दिवसाच्याच वेळेवर असण्याची शक्यता जास्त. त्याच्या लेखी ती जागे राहण्याची वेळ असते. मात्र खोलीतला उकाडा, आवाज किंवा उजेड यांनीही झोप मोडते, ते आधी तपासा.

दुसरी, पेंग कोणत्या वेळी सर्वांत जास्त येते? पहिल्या रात्री पहाटे ४ ला आणि पाचव्या रात्रीही ४ लाच येत असेल, तर फारसे काही सरकलेले नाही. ती ६-७ कडे सरकत असेल, तर वरच्या उदाहरणातल्या धोक्याच्या टप्प्यात तुम्ही आहात.

तिसरी, सुट्टीच्या पहिल्या रात्री काय होते? रात्री ११ ला पडल्या पडल्या सकाळपर्यंत गाढ झोप लागणे हेही घड्याळ न सरकल्याचे लक्षण असू शकते. साठलेल्या झोपेमुळेही तसे होते, म्हणून दुसरी आणि तिसरी रात्र पाहणे जास्त उपयोगाचे.

सतर्कता मोजायची असेल, तर पडद्यावर खूण दिसताच बटण दाबण्याची एक साधी चाचणी असते. मूळ चाचणी १० मिनिटांची. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला तर ती चूक धरतात. मोबाइलवरच्या अशा चाचण्यांचे आकडे दुसऱ्यांशी ताडून पाहू नका. तुमचाच पाळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा ताडून पाहा. एक लक्षात ठेवा: झोप कमी झालेल्या माणसाला 'मी ठीक आहे' असे वाटत असते, तेव्हाही चाचणीतल्या त्याच्या चुका वाढलेल्या असतात.

मोजल्यावर काय करायचे?

उत्तर तुमच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे.

दोन-तीन रात्रींनी पाळी बदलत असेल, तर घड्याळ सरकवण्याच्या मागे लागू नका. ते सरकेपर्यंत पाळी संपते. त्याऐवजी पाळीआधी दुपारी दीड-दोन तास झोप घ्या, मुभा असेल तर रात्री २०-३० मिनिटांची डुलकी घ्या, चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या भागातच घ्या आणि सुट्टीत लगेच रात्रीच्या झोपेवर परता.

सलग अनेक आठवडे किंवा कायम रात्रपाळी असेल, तर घड्याळ अंशतः सरकवण्याचा विचार करता येतो. चार्ल्स झायस्लर यांच्या १९९० मधल्या प्रयोगात रात्री ७,००० ते १२,००० लक्सचा प्रखर उजेड आणि दिवसा ठरावीक वेळी संपूर्ण अंधार दिल्यावर एका आठवड्यात शरीराची मध्यरात्र नऊ तासांहून जास्त सरकली होती. कामाच्या ठिकाणी इतका उजेड मिळत नाही. पण तत्त्व वापरता येते. पाळीच्या पहिल्या भागात भरपूर उजेडात राहा, पहाटेनंतर तो कमी करा. घरी जाताना दुसरे कोणी गाडी चालवत असेल तर गॉगल लावा. घरी पोहोचल्यावर लगेच, रोज त्याच वेळी, जाड पडदे लावलेल्या खोलीत झोपा. स्वतः गाडी चालवत असाल आणि झोप येत असेल, तर गॉगल नको आणि गाडीही नको. बस, रिक्षा किंवा सहकाऱ्याची सोबत शोधा, नाहीतर कामाच्या ठिकाणीच थोडे झोपून मग निघा.

जेवणाचाही विचार करा. यकृत, स्वादुपिंड या अवयवांची स्वतःची घड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळेनुसार हलतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन दिवसांच्या नकली रात्रपाळीनंतर मेलाटोनिनची लय सुमारे दोनच तास सरकली होती, पण रक्तातल्या चयापचयाशी संबंधित बहुतेक घटकांची लय जवळजवळ उलटी झाली होती. म्हणजे मेंदू एका वेळेवर आणि पोट दुसऱ्या वेळेवर. २०२१ मधल्या आणखी एका छोट्या प्रयोगात, रात्रपाळीसारख्या परिस्थितीतही ज्यांनी फक्त दिवसा खाल्ले, त्यांची साखर रात्री खाणाऱ्यांसारखी वाढली नाही. म्हणून मुख्य जेवण पाळीआधी घ्या आणि मध्यरात्रीनंतर भरपेट जेवण टाळा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

नेहमीच्या तपासण्यांच्या वेळी हे सांगा

रक्त द्यायला जाताना तुम्ही रात्रपाळी करता, हे डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. 'सकाळी ८ चे कॉर्टिसॉल' या आकड्यात माणूस रात्री झोपून उठला आहे, असे गृहीत असते. रात्रपाळीवाल्यात तो आकडा चुकीचा वाचला जाऊ शकतो. मध्यरात्रीच्या लाळेतले कॉर्टिसॉल तर रात्रपाळी करणाऱ्यांत भरवशाचे धरत नाहीत. उपाशीपोटीची साखरही रात्रभर खाऊन-जागून झाल्यावर देऊ नका, शक्यतो सुट्टीनंतर द्या.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलाटोनिनच्या गोळ्या घेऊन घड्याळ सरकते का?
वेळ बरोबर असेल तर थोडे सरकते. वेळ चुकली तर उलट दिशेनेही सरकू शकते. पाळीत किंवा गाडी चालवण्याआधी घेतल्यास झोप येते. म्हणून स्वतःहून घेऊ नका.

इतकी वर्षे रात्रपाळी केली, तरी घड्याळ जागेवरच कसे?
घड्याळ वर्षे मोजत नाही. त्याला फक्त गेल्या काही दिवसांचा उजेड-अंधार कळतो. दर सुट्टीला तुम्ही दिवसाकडे परतलात, तर दहा वर्षांनंतरही ते दर आठवड्याला नव्यानेच सुरुवात करते.

काहींना रात्रपाळी सोपी का जाते?
उशिरा झोपून उशिरा उठण्याचा ज्यांचा पिंड असतो, त्यांचे घड्याळ आधीच थोडे उशिराकडे असते. पहाटे आपोआप उठणाऱ्यांना रात्रपाळी जास्त जड जाते. वय वाढते तसे जुळवून घेणेही कठीण होते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

• पाळीमुळे झोप न लागणे किंवा कामावर अनावर झोप येणे तीन महिने किंवा जास्त काळ चालू असेल.
• गाडी चालवताना किंवा यंत्रावर एकदा जरी डुलकी लागली असेल. यासाठी तीन महिने थांबू नका, लगेच भेटा.
• जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंग येणे. हे पाळीमुळे आहे असे धरून बसू नका. झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो.
• सतत उदास वाटणे, चिडचिड, झोपेसाठी मद्याचा किंवा गोळ्यांचा आधार घेणे.
• मधुमेह, फिट्स, हृदयविकार किंवा बायपोलर आजार असताना रात्रपाळी सुरू होणार असेल. बायपोलर आजारात झोप तुटल्याने आजार उसळू शकतो आणि प्रखर उजेडाचा उपायही जपूनच करावा लागतो.
• गर्भारपणात रात्रपाळी चालू असेल.

जाताना दोन आठवड्यांची वही आणि पाळ्यांचे वेळापत्रक सोबत न्या. "झोप येत नाही" एवढ्या तक्रारीपेक्षा, झोप किती वाजता तुटते आणि पेंग किती वाजता येते हे लिहिलेले पान डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते. पाळी बदलून मिळावी किंवा सलग रात्री कमी कराव्यात, अशी वैद्यकीय शिफारस द्यायची झाली, तर तिला आधारही त्याच पानाचा मिळतो.